पळायचेच तर 100 कोटींच्या वर

खारघरला गाळा भाड्याने घेऊन ‘महिन्याला पाच टक्के’वाली योजना काढणार असाल, तर एक विनंती आहे: हात आखडता घेऊ नका. दोन-तीन कोटींवर समाधान मानणाऱ्याला पनवेल स्टेशनवरच उचलतात. 2018 च्या फरार आर्थिक गुन्हेगार कायद्याची पायरीच मुळी 100 कोटींची आहे. त्याखालचे नुसतेच फरार; सरकारी इतमाम नाही.

पावतीवर गणपती छापा. खालची सही कुणालाही लागणार नाही अशी ठेवा.

मग देश. करार नसलेला देश गाठावा, असे अडाणी लोक सांगतात. ब्रिटनशी आपला प्रत्यार्पण करार 1993 पासून लागू आहे, तरी खानदानी मंडळी तिथेच जातात. तिथली न्यायालये नीट चालतात हो, आणि त्यांत वेळही नीट जातो. केलेला प्रकार दोन्ही देशांत गुन्हा आहे का, सकृतदर्शनी पुरावा आहे का, मानवी हक्कांचे काय, मग गृहमंत्र्यांची सही, आणि वर अपील. विजय मल्ल्या मार्च 2016 मध्ये गेले. डिसेंबर 2018 मध्ये न्यायालयाने हिरवा कंदील दाखवला, फेब्रुवारी 2019 मध्ये सही झाली, 2020 मध्ये अपील फेटाळले. त्यानंतर एक ‘गोपनीय कायदेशीर बाब’ निघाली. अशी एखादी बाब तुम्हीही जवळ बाळगा.

तुरुंगाची तक्रार मात्र विसरू नका. याच खटल्यात न्यायालयाने आर्थर रोडच्या 12 नंबर बराकीचे चित्रीकरण मागवले. दिवसाउजेडी काढलेले, खिडकीतून प्रकाश कसा येतो ते दिसेल असे. आपण ते पाठवलेही. तुमच्याकडे पैसे गुंतवलेल्या घणसोली गावठाणातल्या काकूंकडे भर दुपारी ट्यूब लावावी लागते, पण तिथले चित्रीकरण अजून कुणी मागवलेले नाही. आणि तुरुंगाचा मुद्दा पोकळ समजू नका: फेब्रुवारी 2025 मध्ये तिहारमधल्या धोक्याकडे बोट दाखवून शस्त्रव्यवहारातले सल्लागार संजय भंडारी लंडनच्या उच्च न्यायालयात प्रत्यार्पणातून सुटले. आपले तुरुंग इतकी वर्षे कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून तसे ठेवले होते, ते आता कळले.

एक पथ्य पाळा. परक्या गावात बँकेत खाते उघडायला स्वतः जाऊ नका. नीरव मोदी मार्च 2019 मध्ये लंडनमध्ये नेमके तिथेच सापडले. बँकेला हजारो कोटींचा चुना लावून झाल्यावर बँकेच्याच काउंटरवर सापडणे म्हणजे धंद्याची अब्रू घालवणे.

इकडची काळजी नको. काकू प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन येतात, साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात, ‘दोन झेरॉक्स काढून आणा’ असे सांगणारा हवालदार मात्र हजर असतो. ठेवीदारांसाठी राज्याचा 1999 चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते. म्हणून गाळा भाड्याचा घ्या म्हटले. पुढे काकूंचा मराठी जबाब इंग्रजीत जाणार, पानोपानी शिक्के बसणार, मग दिल्लीला परराष्ट्र खात्यात, तिथून वकिलातीत. एक पान कमी निघाले की तुमच्या वकिलाची दिवाळी.

आणि एवढे करून आणलेच तुम्हाला, तरी घाबरू नका. ज्या गुन्ह्यांसाठी सोपवले, खटला त्यांचाच चालवता येतो. विनंतीअर्जात काकूंचे प्रकरण घालायचे राहून गेले असेल, तर आधी त्या देशाची संमती आणावी लागेल. म्हणजे नवा अर्ज, नवे शिक्के, आणि काकूंना पुन्हा दोन झेरॉक्स.