आईला रस्ता ओलांडायचा होता

आज डोकं लय तापलं आहे म्हणून लिहून राहिले. पोस्ट लांब होईल.

दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक रील टाकली. भाचा जबलपूरचा, माझ्या ताईचा मुलगा. रीलमध्ये एका बाजूला आपला रामझुला, म्हणजे नागपूरचा रेल्वे रुळांवरचा केबलचा पूल, भर दुपारी काढलेला, धुळीत, कडेला उभे ऑटो. दुसऱ्या बाजूला त्यांचा मदनमहलचा नवा केबल ब्रिज, रात्रीचा, ड्रोनमधून, लाईटच लाईट. खाली लिहिलं होतं 'नागपूरवालो, अब बोलो'. झालं. माझा चुलतभाऊ पेटला, त्याने गड्डीगोदामच्या चार मजली पुलाचा फोटो टाकला, मग डबल डेकरचा टाकला, मग भाच्याने आमचा फ्लायओव्हर जवळजवळ ७ किलोमीटरचा आहे तुमचा किती ते सांगा म्हटलं, चुलतभावाने कामठी रोडचा ५.६७ म्हटलं पण वरून मेट्रो जाते तुमच्याकडे मेट्रो आहे का, मग हैदराबादच्या वहिनीने दुर्गम चेरुवूचा पूल आणून मध्ये टाकला आणि पुण्याचा एक जण काहीतरी बोलला तर त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. एकशे चाळीस मेसेज.

आणि हे चालू होतं तेव्हा मी आईला घेऊन कामठी रोडवर उभी होते. पर्समध्ये फोन सारखा थरथरून राहिला होता आणि मला वाटलं दवाखान्यातून फोन आहे.

आईचं डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले, आज दाखवायला बोलावलं होतं. वय ७९, गुडघे गेलेले, डोळ्यावर तो हिरवा चष्मा. ऑटोवाल्याने अलीकडेच सोडलं कारण वळून यायला लांब जावं लागते, तो म्हणाला काकू एवढाच तर रोड आहे. एवढाच रोड! डोक्यावर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, आणि खाली ते हत्तीसारखे पिल्लर, त्यांच्या आडून गाडी कधी बाहेर येईल ते दिसतच नाही. दिसते तेव्हा ती अंगावर आलेली असते. सिग्नल पिवळा लुकलुकत होता. पट्टे कधीतरी असतील, आता रस्त्यावर त्यांचा रंगही उरला नाही. मी आईचा हात धरून दोनदा पाऊल टाकलं आणि दोनदा मागे ओढलं, तिसऱ्यांदा तीच म्हणाली, राहू दे गं, परत जाऊ, डोळा काही दुखत नाही.

हे वाक्य दुपारपासून माझ्या छातीत अडकून आहे. जिने एकटीने तीन पोरं वाढवली, बाबा ड्युटीवर असताना कॉटन मार्केटातून डोक्यावर पोतं घेऊन पायी घरी यायची, ती बाई रस्त्याला घाबरून डॉक्टरकडे न जाता परत जायला तयार झाली.

मग एका भाजीवाल्याने काय केलं, कोणी सांगितलं नव्हतं त्याला, आपला ठेला ढकलत आणून सरळ रस्त्यात आडवा लावला. हात वर केला आणि म्हणाला, चला आजी, हळूहळू चला. गाड्या थांबल्या, हॉर्न सुरू झाले, एका पोराने त्याला शिवी घातली, एका बाईकचा धक्का लागून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार-पाच जुड्या खाली पडल्या आणि त्यांच्यावरून चाक गेलं. आम्ही पलीकडे पोचलो. मी वळून बघितलं तर तो ठेला काढून बाजूला नेत होता, आमच्याकडे बघतही नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी फोन काढला, तर एकशे चाळीस मेसेज, कोणाचा पूल भारी.

तिथून माझं डोकं फिरलं.

आता मला कोणी नागपूरचं कौतुक शिकवू नका. मी इथलीच, जन्म अजनीच्या रेल्वे कॉलनीतला. रामझुल्याच्या आधीचा संत्रा मार्केटकडचा जुना पूल मला आठवते, तिथली गर्दी, बाबांच्या स्कूटरच्या मागे बसून नाकाला रुमाल लावलेला. रामझुल्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं तेव्हा येताजाता ते अर्धे खांब बघून जीव जळायचा. २०१४ ला पहिला भाग सुरू झाला तेव्हा बाबा आजारी होते तरी हट्ट करून गेले आणि मधोमध थांबून खाली रुळांकडे बघत राहिले, किती तरी वेळ. आयुष्य त्या रुळांवर गेलं त्यांचं. म्हणून रामझुल्याला कोणी नाव ठेवलं तर मलाही लागते, भाच्याने टाकलं तेव्हाही लागलं, खोटं कशाला बोलू. वर्धा रोडच्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकरला २०२२ ला गिनीजचं रेकॉर्ड मिळालं तेव्हा फोटो मीच सगळ्या नातेवाईकांना पाठवला होता, ताईला सगळ्यात आधी.

गड्डीगोदामला तर मी मुद्दाम थांबून बघितलं आहे. खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो. १६५० टनांचा लोखंडी गर्डर, वर्दळीच्या रेल्वेमार्गावर बसवला. ज्या लोकांनी ते केलं त्यांच्या हाताला सलाम आहे माझा, मनापासून.

पण एवढं ज्याला जमलं त्याला आईसाठी पट्टे मारणं जमत नाही? माझा राग इथे आहे. न जमणारी गोष्ट असती तर मी गप्प बसले असते.

हो, मान्य, ट्रक वरून जायला लागले तशी खालची गर्दी कमी झाली. गर्दी कमी झाली म्हणून गाड्या जोरात धावायला लागल्या, तेही सांगा. आणि कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की मेट्रो स्टेशनच्या जिन्याने पलीकडे जाता येते, लिफ्ट आहे. आहे. त्या चौकापासून ते स्टेशन किती लांब, हे माझ्या आईच्या गुडघ्याला विचारा.

आणि टिकते का हो हे सगळं? स्टेशनसमोरचा, टेकडी गणपतीजवळचा फ्लायओव्हर आठवते ना. तो झाला तेव्हाही असेच फोटो काढले होते, शहर बदललं म्हणत होतो. पंधरा-सोळा वर्षांत तोडून टाकला. त्याच्या खाली दुकानं होती, लोकांची पोटं होती. आता त्याचं नाव कोणी काढत नाही. स्टेशनची ती जुनी दगडी इमारत १९२५ ची आहे, शंभर वर्षं होऊन गेली, उभी आहे. तिच्यापुढे फ्लायओव्हर आडवा होता तेवढी वर्षं ती नीट दिसतही नव्हती. आपल्या शहराची ओळख म्हणजे ती इमारत आहे, सीताबर्डीचा किल्ला आहे, दीक्षाभूमीचा घुमट आहे. घुमटाच्या आत जाऊन उभं राहा एकदा, माणूस किती लहान होतो आणि तरी त्याला कोणी लहान करत नाही असं वाटते. तिथे लाखो लोक पायी येतात. पायी चालणाऱ्यांचं शहर आहे हे, विसरलो आपण.

भाच्याला मी ग्रुपवर रागात लिहिलं, मग डिलीट केलं. पोरगं आहे. त्याच्या गावात इतक्या वर्षांनी काही मोठं झालं, तो नाचणारच. आणि जबलपूरचं दुःख मला माहीत आहे, ताई पंचवीस वर्षं तिथे आहे. आधी सीपी अँड बेरारची, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडची, राजधानी नागपूर होतं आणि जबलपूर आपल्याच प्रांतात. १९५६ ला राज्यं नव्याने पाडली तेव्हा आपली राजधानी गेली. जबलपूरला वाटलं होतं आता आपला नंबर, तर राजधानी भोपाळला गेली आणि त्यांच्या पदरात हायकोर्ट पडलं. आपल्या पदरात काय पडलं, तर हिवाळी अधिवेशन. दोन्ही शहरं तेव्हापासून मनातून दुखावलेली आहेत. भाऊजी तिथे हेच बोलतात, बाबा इथे हेच बोलायचे, फक्त शिव्या खायला गावं वेगळी, एकाला भोपाळ एकाला मुंबई. अशा दोघांनी आता कोणाचा केबल लांब यावरून भांडावं? त्यांच्या पुलाचं उद्घाटन तरी कोणी केलं, २३ ऑगस्ट २०२५ ला, आपल्याच गडकरींनी. नागपूरचाच माणूस.

लहानपणी आम्ही जबलपूरला छोट्या गाडीने जायचो, नॅरोगेजने, छिंदवाडा, नैनपूर करत, वेळ विचारू नका. प्रत्येक नाल्यावर एक लहानसा पूल आणि गाडी त्याच्यावर आली की आई आमचे हात धरायची. २०१५ ला ती लाईन बंद झाली. तिच्या पुलांची रील कोणी केली नाही. आज कामठी रोडवर आईचा हात माझ्या हातात होता तेव्हा एकदम तेच आठवलं, फक्त धरणारी बदलली.

आता खरी गोष्ट सांगते, जी मला दवाखान्यात बसल्या बसल्या सुचली आणि मग जास्तच रडू आलं. हाच कामठी रोड पुढे जबलपूरकडे जातो. मनसर, देवलापार, खवासा, सिवनी. मध्ये पेंचचं जंगल लागते. तो रस्ता चारपदरी करायचं ठरलं तेव्हा जंगलाचं काय म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं अडकलं. शेवटी काय झालं, तर आपल्या महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी जनावरांसाठी रस्त्याखालून वाट ठेवली, सगळ्यात मोठी ७५० मीटरची. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या लोकांनी खाली कॅमेरे लावले. वाघ जाऊन राहिले त्याच्यातून, बिबटे, रानकुत्रे, चितळ. ताईकडे जाताना मी तिथून कितीदा गेले, गाडीतून काही दिसत नाही, पुलावर आहोत हेही कळत नाही. ना केबल, ना लाईट.

मला त्या वाघांचा हेवा वाटला आज. खरंच. त्यांच्यासाठी कोणीतरी बसून विचार केला की हे जीव कुठून येतात, कुठे जातात, किती वाजता जातात, खालून किती उंची लागेल, प्रकाश किती हवा, आवाज किती चालेल. लोक कोर्टात भांडले त्यांच्यासाठी. आणि हे व्हायलाच पाहिजे होतं, मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण त्याच रस्त्याच्या शहरातल्या तोंडाशी माझी आई डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेली, तिच्यासाठी विचार कोणी केला, तर एका ठेलेवाल्याने, तोही जागेवर, तोही स्वतःचं नुकसान करून.

नागपूर आणि जबलपूर यांच्यात सगळ्यात चांगला पूल कुठला असं मला कोणी विचारलं तर मी पेंचचा सांगेन. दोघांचा आहे तो. सिवनीकडेही बांधलेत तसे. भाच्याला फोन करून हे सांगितलं मी संध्याकाळी. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, मावशी, आजी ठीक आहे ना? मग ताईने फोन घेतला. ती म्हणाली तिथेही तेच आहे, भाजी आणायला पलीकडे जायचं तर ती आता पोराला गाडी काढायला लावते. शंभर पावलांसाठी गाडी.

चुलतभाऊ अजून ऐकत नाही. त्याचं म्हणणं, तू निगेटिव्ह आहेस, शहर पुढे चाललं आहे आणि तू पट्ट्यांचं घेऊन बसली. त्याला मी सांगितलं, उद्या तुझ्या आईला, माझ्या काकूला, घेऊन ये त्या चौकात, मी अलीकडे उभी राहते, तू तिला पलीकडे नेऊन दाखव. त्यावर उत्तर आलं नाही. अंगठा आला.

मित्रांनो, मैत्रिणींनो, तुमच्यातले कितीतरी जण इंजिनिअर आहात, काही जण सरकारी नोकरीत आहात, दोघं-तिघं पत्रकार आहात. मला तुमच्याकडून लाईक नको. उड्डाणपुलाखालच्या ज्या चौकातून तुम्ही रोज जाता तिथे एकदा गाडी बाजूला लावा आणि पायी पलीकडे जा. जाऊन बघा, मग लिहा मला. मी अर्ज लिहून राहिले, त्याच्यात तुमचे चौकही टाकते. पट्टे, पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल, आणि मधल्या डिव्हायडरवर म्हाताऱ्या माणसाला उभं राहून दम खाता येईल एवढी जागा. एवढंच मागायचं आहे.

आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत. आईचा डोळा चांगला आहे, डॉक्टर म्हणाले पुढच्या महिन्यात चष्म्याचा नंबर काढू. ती झोपली नाही अजून, तिचं एकच चालू आहे, त्याचा सांबार गेला गं, तू पैसे का नाही दिले त्याला. परत येताना मी शोधलं होतं, तो दुसरीकडे गेला होता. उद्या सकाळी जाते पुन्हा. आई म्हणते मी पण येते, मला त्याला बघायचं आहे, त्या दिवशी डोळ्यासमोर नुसतं पांढरं होतं. मी म्हटलं आजचाच दिवस होता तो आई, आणि तू नको येऊस, त्या बाजूला उभा राहिला तर रस्ता ओलांडावा लागेल.