पहिल्यापासून? कोणी सांगितलं?

आज ठाण्याला भाचीच्या लेकीचं बारसं होतं. जेवणं चालू असताना ताईने (मामेबहीण, माझी लाडकीच) भरल्या हॉलमध्ये जाहीर केलं, "तिला नाव घ्यायला लावू नका गं, ती पहिल्यापासूनच घुमी." सगळे हसले. मीही हसले. स्लो गाडीत बसले, मुलुंड येईपर्यंत काही वाटलं नाही. नाहूर गेलं आणि डोकं तडकलं.

पहिल्यापासून?

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या हातातला माईक ओढून घ्यावा लागायचा. तिसऱ्या मजल्यावरून खालच्या नळापर्यंत माझ्या हाका ऐकू जायच्या. ताई, तूच कानात बोटं घालायचीस, विसरलीस?

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी दहा वर्षांची. दोन-तीन महिन्यांनी आईने उधारीची वही आणि पिशवी देऊन वाण्याकडे पाठवलं. संध्याकाळची गर्दी. मी नेहमीसारखी मोठ्याने ओरडले, "काका, पावशेर तूरडाळ!" तो त्याहून मोठ्याने म्हणाला, "वही बंद. आईला सांग, आधी मागचं भागव." माझ्या वर्गातली एक मुलगी आजीचा हात धरून बाजूलाच उभी होती.

त्यानंतर मी समोरच्या खांबाशी उभी राहायचे. दुकान रिकामं होईपर्यंत. मग जाऊन हळूच विचारायचं, आज द्याल का.

ऑफिसात मागे एका ट्रेनिंगवाल्याने फॉर्म भरून घेतला आणि रंगीत तक्त्यावर मला 'इन्ट्रोव्हर्ट'च्या खणात टाकलं. मानसशास्त्रज्ञ युंगसाहेबांनी १९२१ मध्ये हे शब्द रूढ केले म्हणे. करू देत. पण त्या फॉर्मात 'वाण्याने वही कधी बंद केली' असा रकाना नव्हता हो!

बरं, काहींचा स्वभाव जन्मतःच तसा असतो, मान्य. माझी धाकटी बहीण त्याच दहा बाय दहाच्या खोलीत वाढली आणि अख्खी सोसायटी डोक्यावर घेते. पण ती तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या हातात वही नव्हती.

आणि बाबा? भजनात त्यांचा आवाज पार कोपऱ्यावर ऐकू यायचा. संपावर गेलेल्या अडीच लाख गिरणी कामगारांतले ते एक. पुढे गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसायचे, भजनाला बोलवायला कोणी आलं की झोपेचं सोंग. त्यांना कोणी अंतर्मुख म्हटलं नाही. 'बिचारा' म्हटलं. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि बाबा पुन्हा भजनाला बसले नाहीत.

वाण्यावर इतकी वर्षं राग होता. आता लिहिताना तेवढा येत नाहीये. अख्ख्या गल्लीची उधारी त्याच्या डोक्यावर, त्याने तरी काय करायचं? एकदा दुकान रिकामं असताना त्याने न बोलता गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला होता. मी खाल्ला नाही. वाटलं, वहीत लिहील.

आत्ता बघते तर ताईचे दोन मिस्ड कॉल. खाली मेसेज, "रागावलीस का गं?"

नाही गं. हॉलमध्ये सगळे मॅच बघतायत. झोपले की करते फोन.