ओम मोजून ब्रिज पिकअप निवडता येत नाही

'ब्रिज पिकअप घेताना पाळायचे पाच नियम' असा एक मेसेज सध्या पुण्यातल्या गिटारवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. ब्रिज पिकअप म्हणजे गिटारच्या ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) बसवलेला, तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा मॅग्नेट आणि तांब्याच्या वेढ्यांचा भाग. मी तो मेसेज बघून सोडून दिला होता. परवा तोच माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, 'मामा, १७ केवाला बुक करतोय, चालेल ना?' पोरगा फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमीत वाजवतो, लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवलेत. आता गप्प बसवत नाही.

नियम असे: १६ किलोओमच्या ('के' म्हणजे हाच किलोओम, विजेच्या रोधाचं माप) खालचा ब्रिज पिकअप घेऊ नका, ओम जास्त म्हणजे ताकद जास्त. सिरॅमिक मॅग्नेट म्हणजे हलका माल. दहा वर्षांत मॅग्नेट उतरतो, पिकअप बदलाच. वायरिंग सगळ्या कंपन्यांचं सारखंच, लाल हॉट (सिग्नल नेणारी) आणि हिरवी अर्थ. आणि पिकअप तारांच्या जितका जवळ तितका उत्तम.

पहिल्या नियमाने सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून आधी तो. मल्टीमीटर जे दाखवतो तो पिकअपमध्ये गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचा रोध. तार बारीक घेतली की वेढे न वाढवताही आकडा चढतो. ४२ गेजऐवजी ४३ गेज (आकडा मोठा, तार बारीक) वापरली तर तेवढ्याच लांबीला रोध पाव पटीहून थोडा जास्तच भरतो. तापमानानेही फरक पडतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. डिसेंबरात पहाटे १२ अंशांना ८ के दाखवणारा पिकअप मे महिन्यात दुपारी ३९ अंशांना ८.९ केच्या आसपास दाखवेल. मग काय, उन्हाळ्यात आपली गिटार जोरात वाजते? पाइपाची लांबी मोजून पाण्याचा जोर सांगावा, तसला हा प्रकार आहे.

माझ्या म्हणण्यावर विश्वास नको. डिमार्झिओ कंपनी आपल्या पिकअपांचा रोध आणि आउटपुट दोन्ही स्वतःच छापते. त्यांचा टोन झोन १७.३१ किलोओमचा, आउटपुट ३७५ मिलिव्होल्ट. सुपर डिस्टॉर्शन १३.६८ किलोओमचा, आउटपुट ४२५ मिलिव्होल्ट. ओम कमी, आवाज मोठा. या दोन ओळींपुढे पहिला नियम उभाच राहू शकत नाही. आणि यातला सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिक मॅग्नेटचा आहे, १९७२ पासून तो लोक मुद्दाम विकत घेऊन बसवतायत. म्हणजे दुसरा नियमही इथेच निकालात निघाला. मेटॅलिका या मेटल बँडच्या दोन्ही गिटारवादकांनी वर्षानुवर्षं वापरलेला ईएमजी ८१ पिकअपसुद्धा सिरॅमिकचाच. मॅग्नेट कोणता, एवढ्यावरून माल हलका की भारी हे ठरत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. बॉबिन (वेढ्यांची रीळ) तोच, तार तीच, मॅग्नेट तोच असेल, तर वेढे वाढवल्यावर ओम वाढतात आणि आउटपुटही वाढतं. ब्रिजपाशी गिटारची तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप नेकजवळच्या पिकअपपेक्षा जरा जास्त वेढ्यांचा करतात, हेही खरं. पण वेढे वाढले की इंडक्टन्स (वरचे सूर अडवणारा गुण) वाढतो आणि वरची धार बोथट होते. भाच्याची तक्रार काय, तर बँडमध्ये त्याची गिटार ऐकूच येत नाही. तिला धार हवी आहे, आणि हा मेसेज त्याला जाडसर, मधल्या पट्टीत गुरगुरणारा पिकअप घ्यायला लावतोय. त्यातून गेन (आवाजाचा फाटलेपणा) वाढेल, आणि ड्रम-बासच्या गर्दीत गिटार आणखी बुडेल.

मॅग्नेट उतरण्याचं म्हणाल, तर गिब्सन या गिटार कंपनीसाठी सेथ लव्हरने बनवलेले हंबकर (घरघर मारणारे, दोन कॉइलचे म्हणजे वेढ्यांच्या दोन गुंडाळ्यांचे पिकअप) १९५७ पासून गिटारींवर बसायला लागले. साधारण साडेसात ते नऊ किलोओमचे ते पिकअप आजही वाजतायत, आणि ते असलेली १९५९ ची लेस पॉल गिटार कोटींच्या घरात विकली जाते. मेसेजवाल्याच्या हिशोबाने तो सगळा भंगार माल.

चौथ्या नियमाचा मात्र मला खरोखर राग आला, कारण तो वाचून माणूस लगेच सोल्डरिंग गन हातात घेतो. चार वायरच्या हंबकरच्या वायरचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र जोडायची, हिरवी अर्थ. सेमूर डंकन या दुसऱ्या कंपनीत काळी हॉट, लाल-पांढरी एकत्र, हिरवी अर्थ. डंकनला डिमार्झिओच्या रंगांनी जोडलं तर काळी आणि पांढरी ही एकाच कॉइलची दोन टोकं एकमेकांना चिकटतात आणि ती कॉइल बाजूलाच पडते. उरलेली एकटी वाजते, आवाज पातळ होतो आणि घरघर सुरू होते. उलट केलंत, म्हणजे डिमार्झिओला डंकनच्या रंगांनी जोडलंत, तर एक कॉइल उलटी लागते. तारांचा आवाज एकमेकांना कापतो आणि घरघरीची मात्र बेरीज होते. मग 'डुप्लिकेट माल दिला' म्हणून दुकानदाराशी भांडण. डब्यात आलेला कागद आधी वाचा. तो हरवला असेल तर कंपनीच्या साइटवर बघा.

पाचवा नियम लवकर तपासता येतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पिकअपच्या पोलपासून (तारेखालच्या धातूच्या टोकापासून) तारेपर्यंतचं अंतर मोजा. ब्रिजला सुमारे १.६ मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेरा फिरवत ऐका. फार जवळ गेलात तर मॅग्नेट तारेला ओढतो, सूर हलतो, सस्टेन (सुराचा लांबणारा नाद) तुटतो. भाच्याला आधी हेच करायला सांगितलंय, याला पैसे पडत नाहीत. दुसरं, व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा कमी-जास्त होणारा रोध) किती के आहे ते बघ म्हटलं. हंबकरला २५० के पॉट लावलेला असेल तर वरची धार तिथेच मरते. ५०० केचा पॉट बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बघ, नव्या पिकअपच्या मानाने तो अगदीच किरकोळ पडतो.

एवढं करूनही पिकअप बदलायचाच असेल, तर या मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मोजा. ब्रिज पिकअपच्या बरोबर वर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर. गिब्सन पद्धतीच्या गिटारवर ते साधारण ४९-५० मिलिमीटर असतं, फेंडर पद्धतीच्या ट्रेमोलोच्या (हलणाऱ्या ब्रिजच्या) गिटारवर ५१ ते ५३. दोन्ही मापांचे पिकअप मिळतात, ऑर्डर देताना माप सांगावं लागतं.