आयपी कॉन्फ्लिक्ट म्हणजे शेजाऱ्याची चोरी नव्हे

नागपुरातल्या लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. "कॉम्प्युटरवर 'आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' दिसलं तर समजा, कोणीतरी तुमचं वायफाय चोरतंय. राउटर रिसेट करा, घरातल्या प्रत्येक उपकरणाला फिक्स आयपी द्या, डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाका. तरी जमलं नाही तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या." यातला एकही उपाय मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पहिलं वाक्य तर माणसामाणसांत भांडणं लावणारं आहे. म्हणून आधी तेच घेतो.

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारा नंबर. एकच नंबर दोघांकडे गेला की कॉन्फ्लिक्ट. घरातल्या उपकरणांना आयपी अ‍ॅड्रेस वाटायचं काम राउटरमधलं डीएचसीपी करतं. पासवर्ड कळलेला शेजारचा मुलगा किंवा वरच्या खोलीतला भाडेकरू तुमच्या वायफायला जोडला गेला, तर डीएचसीपी त्यालाही एक मोकळा, वेगळा अ‍ॅड्रेस देतं. नेट हळू होईल, पण तेवढ्याने कॉन्फ्लिक्ट येत नाही. दुसऱ्याचा अ‍ॅड्रेस मुद्दाम बळकावण्याचे हल्ले असतात, हे खरं. पण घरात त्याचा संशय घेण्याआधी जिन्याखालचा, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारा डीव्हीआर तपासा. पासवर्ड बदलायचा तर खुशाल बदला. या एका सूचनेवरून भाडेकरूला जाब मात्र विचारू नका. त्याने काही केल्याचा हा पुरावा नाही.

"प्रत्येक उपकरणाला फिक्स आयपी द्या." घरातले बहुतेक कॉन्फ्लिक्ट याच सवयीतून जन्मतात. समजा, राउटर १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंतचे सगळे अ‍ॅड्रेस वाटतो. कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरमध्ये हाताने १९२.१६८.१.१० टाकला आणि तो निघून गेला. राउटरकडे याची नोंदच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे येतात, घरातले फोन वाढतात आणि एक दिवस तोच १० नंबर एखाद्या लॅपटॉपला मिळतो. मग राउटर एआरपीने, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना हाक मारायच्या पद्धतीने, विचारतो, हा अ‍ॅड्रेस कोणाचा? दोन्हीकडून उत्तर येतं, "माझा." ज्याची नोंद राउटरकडे त्या वेळी असेल, त्याच्याकडे डेटा जातो. म्हणून नेट धड बंदही पडत नाही. थोडं चालतं, अडतं, परत चालतं.

अ‍ॅड्रेस वापरायला घेण्याआधी तो दुसरं कोणी वापरतंय का, हे विचारून घ्यायची पद्धत २००८ च्या आरएफसी ५२२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेली आहे. पण प्रत्येक उपकरण ती पाळतंच असं नाही. शिवाय त्या क्षणी डीव्हीआर बंद असेल, तर उत्तर देणार कोण?

खरा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. डीएचसीपीची रेंज (अ‍ॅड्रेसचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ अशी आखा आणि हाताने द्यायचे अ‍ॅड्रेस २ ते ९९ मध्येच ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे रिझर्व्हेशन: प्रिंटर किंवा डीव्हीआर 'ऑटोमॅटिक'वर ठेवायचा आणि त्याच्या मॅक अ‍ॅड्रेससमोर ठरलेला आयपी राउटरमध्येच लिहून टाकायचा. मॅक म्हणजे उपकरणाचा कारखान्यातूनच आलेला ओळख क्रमांक. सगळा हिशोब एका जागी राहतो. फोनला याची गरज क्वचितच पडते.

दोषी कोण ते शोधणंही अवघड नाही. तक्रार दाखवणारा कॉम्प्युटर नेटवर्कवरून काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच अ‍ॅड्रेसला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारा छोटा संदेश पाठवा. उत्तर आलं, तर तो अ‍ॅड्रेस दुसऱ्या कोणाकडे तरी आहे. उत्तर नाही आलं तरी एआरपीची यादी, म्हणजे कोणता आयपी कोणत्या मॅककडे आहे याची कॉम्प्युटरमधली नोंद, बघाच, कारण काही उपकरणं पिंगला दाद देत नाहीत. यादीत दिसलेला मॅक अ‍ॅड्रेस घरातल्या प्रिंटर, डीव्हीआर, टीव्ही बॉक्सच्या स्टिकरशी ताडून बघा. अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मात्र दुखणं निराळं आहे. त्या उपकरणाला डीएचसीपीकडून उत्तरच मिळालेलं नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही, असं दुसरं मोठं कारण म्हणजे जुना राउटर. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफाय पलीकडे जात नाही. मग कपाटातला जुना राउटर काढून लॅन पोर्टला लॅन पोर्ट जोडला जातो. आता एकाच घरात अ‍ॅड्रेस वाटणारे दोघं, आणि पुष्कळदा दोघांचाही स्वतःचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.१! जुना राउटर जोडण्याआधी एकट्या लॅपटॉपला लावा, त्याचा अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि मगच वायर जोडा. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (राउटरने नुसतं वायफाय पसरवायचं, अ‍ॅड्रेस वाटायचे नाहीत) असेल तर तोच निवडा.

"राउटर रिसेट करा." बंद करून चालू करणं वेगळं आणि पिन खुपसून रिसेट करणं वेगळं. पिनने केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं. मग त्याचा माणूस येईपर्यंत नेट नाही. नुसतं बंद-चालू केल्याने कॉन्फ्लिक्ट तात्पुरता जातो, कधी उलट येतोही. मे महिन्यात लाईन गेली की राउटर बंद पडतो, पण इन्व्हर्टरवरचा कॉम्प्युटर आणि वायरी जोडणारा नेटवर्क स्विच चालूच राहतात. अनेक घरगुती राउटर वाटलेल्या अ‍ॅड्रेसची यादी बंद होताच विसरतात. लाईन आल्यावर कॉम्प्युटरकडे आधीच असलेला अ‍ॅड्रेस दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. म्हणून राउटरही इन्व्हर्टरवरच घ्या.

८.८.८.८ या गुगलच्या डीएनएसचा इथे काही संबंध नाही. डीएनएस वेबसाइटच्या नावावरून तिचा अ‍ॅड्रेस शोधून देतं. घरातले दोन अ‍ॅड्रेस भिडले, तर ते काही करू शकत नाही.

राहिला विकतचा स्टॅटिक आयपी. तो राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूला लागतो. आपला घोळ आतल्या बाजूला आहे, १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या १९२.१६८ च्या रेंजमध्ये. बाहेरगावाहून घरचे कॅमेरे थेट बघायचे असतील, तर स्टॅटिक आयपीचा उपयोग होतो. कॉन्फ्लिक्टसाठी त्याचे पैसे भरू नका. त्यापेक्षा कॅमेरेवाल्याला बोलवा, डीव्हीआर ऑटोमॅटिकवर करून घ्या आणि त्याचा मॅक अ‍ॅड्रेस राउटरमध्ये त्याच्यासमोरच नोंदवून घ्या.