मुलगी युरोपला गेली म्हणे

आज बारशाच्या पंगतीत दीर म्हणाले, "रशियन म्हणजे आपल्यासारखेच, पौर्वात्य. पाश्चात्त्यांशी त्यांचा काय संबंध?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे मी गुपचूप जिलबी खाल्ली. इथे गप्प बसणार नाही.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकून १९९५ साली मी सहा महिने पीटर्सबर्गला (तिथल्या लोकांच्या लाडाच्या भाषेत 'पीतेर'ला) राहिले. पाच बिऱ्हाडांत एक स्वयंपाकघर. दाराला पाच घंटा, संडासात पाच बल्ब, ज्याचं बटण त्याने दाबायचं. माझ्या घरमालकीण आजी साठीच्या होत्या. एकदा आपुलकीने म्हटलं, "आजी, तुम्ही-आम्ही आशियाईच की!" हातातली किटली त्यांनी खाली ठेवली. "कोण आशियाई?" आणि कपाटातल्या संगीतकार बाखच्या तबकड्यांकडे बोट दाखवलं.

धर्म वेगळ्या वाटेने आला, मान्य. ९८८ साली कीव्हच्या राजा व्लादिमीरने बाप्तिस्मा घेतला तो कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चचा, रोमचा नाही. पुढे दोनशेच्या वर वर्षं मंगोलांना खंडणी भरली. पण चूल वेगळी झाली म्हणून आडनाव बदलतं का? ही भाऊबंदकी आहे हो! झार पीटरने दाढीवर कर लावला, सरदार घरात फ्रेंच बोलू लागले, क्रांती केली ती एका जर्मनाची पोथी वाचून. आणि चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' बॅलेशिवाय अमेरिकेचा नाताळ साजरा होत नाही.

राजकारणात माझी बाजू लंगडी आहे. युक्रेनमधल्या बुचात रशियन सैन्याने मारलेल्या माणसांचे फोटो मीही पाहिलेत. २०२२ मध्ये युरोप परिषदेने रशियाला काढलं, ठीकच केलं. पण त्यामुळे परिषदेच्या स्ट्रासबर्गमधल्या मानवी हक्क कोर्टाचं दार कुणाला बंद झालं? पुतिनला? आपल्याच सरकारविरुद्ध तिथे दाद मागणाऱ्या साध्या माणसांना!

आणि अत्याचार केले की पाश्चात्त्यपण जातं म्हणता? मग जर्मनांचं काय? दुसऱ्या महायुद्धात, आजी सात वर्षांच्या असताना, जर्मनांनी त्यांच्या शहराला वेढा घातला. ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात पोरांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव. आई त्यातच गेली. पन्नास वर्षांनंतरही आजी जेवण झालं की ओल्या बोटाने टेबलावरचा चुरा टिपून खायच्या. मग बाख लावायच्या. जर्मन बाख. जर्मन पाश्चात्त्य आहेत का, असं कुणी कधी विचारलंय? विचारलंय का?

जाऊ दे. दीर माणूस साधा. एकाहत्तरच्या युद्धात रशिया आपल्या बाजूने होता, म्हणून तो आपला, एवढाच त्यांचा हिशोब.

आणि खरं सांगायचं तर आजींचंही कुठे पक्कं होतं? त्यांची मुलगी बसने हेलसिंकीला गेली. बस सकाळी निघायची, संध्याकाळी पोचायची. आजी पाचही बिऱ्हाडांत सांगून आल्या, "मुलगी युरोपला गेली."

मी चिडवलं, "मग आपण बसलोय ते कुठे?"

बाहेर बर्फ भुरभुरत होता. समोरच्या वाड्याच्या इटालियन खांबांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"इथे? हे पीतेर आहे," म्हणाल्या, आणि माझ्या कपात चहा ओतला.