दोन वायरी एकाच स्विचला? आधी एक काढा

‘दोन कंपन्यांचं नेट घ्या, दोन्ही वायरी एकाच स्विचला लावा. स्पीड डबल, नेट कधीच जाणार नाही. ड्युअल वॅन (दोन लाइन घेणारा) राउटर असेल तर राउंड रॉबिन (आळीपाळीने वाटणी) ठेवा.’ हा मेसेज फिरत फिरत मेहुण्याच्या दवाखान्यात पोचला आणि त्याने तसं करूनही टाकलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी तो स्विच, म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटर एकत्र जोडणारी नेटवर्कची पेटी. दोन्ही राउटर आपापला डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) चालवतात. कॉम्प्युटर सुरू झाला की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे तो राउटर) तो घेतो. दुसऱ्या लाइनशी त्याचा संबंध संपला. स्पीड डबल सोडाच, ती लाइन गेली की त्याचं नेटही गेलं, कारण बाहेर फायबर तुटली तरी गेटवे पिंगला (‘आहेस का?’ या हाकेला) निमूट उत्तर देत राहतो आणि कॉम्प्युटरला काही कळत नाही. त्यातून दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असला, आणि पुष्कळदा तो असतो, तर त्या पत्त्यावर कधी याचा मॅक (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता), कधी त्याचा. पेज अर्धं उघडून थांबतं, रिपोर्ट अपलोड होता होता तुटतो, आणि शिव्या खाते कंपनी. विंडोजमध्ये ‘आर्प -ए’ (arp -a) ही कमांड थोड्या थोड्या वेळाने मारून बघा. गेटवेसमोरचा मॅक बदलत असेल तर दुखणं हेच.

राउंड रॉबिनबद्दल आरएफसी २९९१ (इंटरनेटबद्दलचा तांत्रिक दस्तऐवज) वाचा, नोव्हेंबर २००० पासून उपलब्ध आहे. पॅकेटगणिक (पॅकेट म्हणजे डेटाचा छोटा तुकडा) वाट बदलली की पॅकेटं उलटसुलट पोचतात; तीन डुप्लिकेट ॲक (त्याच त्या पोचपावत्या) आले की टीसीपी (डेटा नीट पोचवणारी पद्धत) पॅकेट हरवलं समजून वेग पाडतो. इथे तर दोन कंपन्या, दोन पब्लिक आयपी (बाहेरच्यांना दिसणारे पत्ते). एकाच कनेक्शनची (कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्यातल्या एका संवादाची) निम्मी पॅकेटं अनोळखी पत्त्यावरून आली तर सर्व्हर ती घेणारच नाही. वाटणी कनेक्शनगणिकच हवी. सेटिंगचं नाव काहीही असो, तेवढं तपासा.

स्पीड डबल? एक कनेक्शन एकाच लाइनवरून जातं. स्पीड टेस्ट एकदम अनेक कनेक्शन उघडते, म्हणून आकडा फुगतो. दहा जण एकाच वेळी काम करत असतील तर फायदा होतो, तेवढं कबूल.

‘नेट कधीच जाणार नाही’ म्हणणाऱ्यांनी ३० जानेवारी २००८ आठवावा. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन्ही समुद्री केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रांगायला लागलं. केबल दोन, पण वाट जवळपास एकच. तुमच्या दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर दुसरीचे पैसे वाया. एक फायबर, एक ४जी किंवा ५जी घ्या. राउटर आणि ओएनटी (फायबर जिला लागते ती पेटी) यूपीएसवर ठेवा.

राउटरला १.१.१.१ आणि ८.८.८.८ (इंटरनेटवरचे दोन सार्वजनिक सर्व्हर) दर ५ सेकंदांनी तपासायला लावा. दोन्ही सलग ३ वेळा गप्प राहिले तरच लाइन बदलावी. बदलताना पब्लिक आयपी बदलतो, त्यामुळे चालू कॉल अडखळणारच. मल्टिपाथ टीसीपीने (एकच कनेक्शन अनेक वाटांनी चालवणारा टीसीपी, आरएफसी ८६८४) टीसीपी कनेक्शनपुरतं ते टळू शकतं, पण तो दोन्ही टोकांना हवा. बँकेच्या साइट एकाच लाइनला बांधून टाका, नाहीतर मधेच लॉगआउट.

चाचणी घेताना इथरनेट वायर काढू नका. तो बिघाड राउटरला तसाही लगेच कळतो. ओएनटीतून फायबर काढून बघा, आणि तिच्या टोकाला बोट लावू नका.