इपॉक्सी वाळत नसते, ठेकेदारसाहेब!

फरश्यांचे सांधे भरायच्या इपॉक्सी ग्राउटला कठीण करणाऱ्या हार्डनरची बाटली आमच्या ड्राय बाल्कनीत रिकाम्या गोणपाटाखाली सापडली. तिचे सील तुटलेले नाही, झाकण फिरवलेले नाही, आतला द्रव काठोकाठ भरलेला आहे. याचा अर्थ असा की, माझ्या नव्या न्हाणीघराच्या जमिनीचे आणि भिंतींचे सगळे सांधे नुसते रेझिन आणि फिलरची पावडर कालवून भरले गेले आहेत, आणि "मॅडम, पावसाळी हवा आहे, वाळेल हळूहळू" हे जे आश्वासन ठेकेदार मला रोज फोनवर देत होता, त्याचा जगातल्या कोणत्याही रसायनशास्त्राशी संबंध नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. इपॉक्सी ग्राउट तीन भागांत येते, रेझिन, हार्डनर आणि फिलर. त्यांतले पहिले दोन एकमेकांत ठरलेल्या प्रमाणात मिसळले की अभिक्रिया सुरू होते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि कठीण पदार्थ तयार होतो. त्यातून काही उडून जायचे नसते, त्यामुळे वाळायचा प्रश्नच येत नाही. हार्डनर नसेल तर ते रेझिन आज, उद्या आणि पुढच्या सिंहस्थापर्यंतही तसेच राहणार. तसे ते राहिलेही आहे. सांध्यांवर बोट ठेवले तर गुळाच्या कच्च्या पाकासारखी तार सुटते. त्यावर केस चिकटले आहेत, टाल्कम पावडर चिकटली आहे, पायपुसण्याचे लाल धागे चिकटले आहेत, आणि जे सांधे मी शोरूममध्ये तासभर उभी राहून फिकट राखाडी रंगात निवडले होते, ते आता कोणत्या रंगाचे आहेत हे सांगायला मला शब्द नाहीत. पाय उचलला की चप्पल मागे राहते. सत्तरीच्या पुढे असलेल्या माझ्या सासूबाई या घरात राहतात, हे काम सुरू करण्यापूर्वी ठेकेदाराला सांगितले होते, आणि तेव्हा त्याने "आजींची काळजी करू नका" असे म्हणून हात जोडले होते.

हे सगळे मी त्याला फोनवर समजावू लागले, तर त्याने शांतपणे विचारले, "मॅडम, साहेब आहेत का घरात? जरा त्यांना फोन द्या." साहेबांनी जन्मात कधी हार्डनर हाताळलेले नाही. तरीही मी फोन दिला, आणि साहेबांनी माझ्याच तोंडची वाक्ये एकेक करून पुन्हा म्हणून दाखवली. त्यावर पलीकडून लगेच "बरोबर आहे साहेब, बघतो साहेब" असे उत्तर आले. त्यानंतर त्या गृहस्थाने जे उपाय सुचवले, ते लिहून ठेवण्यासारखे आहेत. रात्रभर पंखा लावून ठेवा. हॅलोजनचा दिवा लावा. एवढे करूनही राहिले, तर वरून थोडे व्हाइट सिमेंट भुरभुरवा, चिकटपणा जाईल. त्याच्या मिस्त्रीने तर आणखी वरचा सूर लावला. त्याचे म्हणणे असे की, ती दुसरी बाटली "लवकर पाहिजे असेल तर" घालायची असते, आणि माल फार घट्ट वाटला म्हणून त्याने अंदाजाने थोडे पाणी घातले. अंदाजाने! या एका शब्दावर माझे आयुष्य खर्ची पडले आहे. प्रयोगशाळेतही मुले आम्ल अंदाजानेच ओतत असत, परंतु निदान मी ओरडले की घाबरत तरी असत.

पाणी घालण्याची ही खोड सिमेंटच्या ग्राउटवर वाढलेली आहे आणि तिथेही ती चुकीचीच आहे. पुडक्यावर छापलेल्या मापापेक्षा पाणी जास्त पडले की माल थापीखाली लोण्यासारखा सरकतो म्हणून कारागीर खूश होतो. पुढे ते जास्तीचे पाणी निघून जाते, सांधा आकसतो, बारीक तडे पडतात, रंग ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि नखाने खरवडले तर पीठ निघते. शिवाय सिमेंटसुद्धा वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, म्हणूनच तर ते ओलसर ठेवायचे असते. म्हणजे ज्याला ओलावा हवा ते ही मंडळी पंख्याखाली वाळवतात आणि ज्यात पाण्याचा थेंब नको त्यात तांब्याने पाणी ओततात.

आमच्या मूळ न्हाणीघरात बिल्डरने ग्राउट वापरलेच नव्हते. पातळ व्हाइट सिमेंट फरशीवर ओतून फडक्याने पुसले होते, बस्स. दोन पावसाळ्यांत सांधे काळे पडले. मग दारावर अ‍ॅसिडच्या बाटल्या विकायला येणाऱ्याकडून घेतलेल्या पाण्याने कामवाल्या बाईंनी ते मनोभावे घासले, आणि अ‍ॅसिडने मळाबरोबर सिमेंटही विरघळवून नेले, कारण त्याचा तो धर्मच आहे. याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली. सोसायटीच्या सभेत प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला: "वहिनी, नुसते जॉइंट भरून घ्या, गळती थांबेल." थांबत नसते. पाणी अडवण्याचे काम फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचे असते. ग्राउट सांधा भरते, कडा सांभाळते, घाण आणि बरेचसे पाणी वरच्यावर रोखते, परंतु खालचा कोबा फुटलेला असेल तर सोन्याने सांधे भरले तरी खालच्यांच्या छतावर नकाशे उमटणारच. सभेत हे बोलल्यावर अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. तो पार्किंगचा होता.

टाइल्सच्या शोरूममधला तो तरुण विक्रेता मी अजून विसरलेले नाही. "मॅडम, झिरो जॉइंट लावा, एकदम अखंड दिसतं," असे सांगून त्याने दिवाणखान्याच्या फरश्या एकीला एक खेटून बसवायला लावल्या. फरश्यांत फट राखणारे दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर मागितले तर मिस्त्रीनेही "कचरा साठतो" म्हणून नाक मुरडले. पुढे डिसेंबरात, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, मध्यरात्री मोठा आवाज झाला आणि दिवाणखान्याच्या मधोमध चार फरश्या तंबूसारख्या उभ्या राहिल्या. खालचा स्लॅब आकसला आणि वरच्या फरश्यांना सरकायला जागाच नव्हती, तर त्या जाणार कुठे? भिंतीकडेची मोकळी फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसतही नाही. परंतु तीसुद्धा या माणसांनी माल कोंबून बंद केली होती.

साहेब सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे यंत्राच्या तळाखाली न आकसणारे ग्राउट ओतताना पाणी मोजून घेत, कारण यंत्र तसूभर बसले तर पुढचा सगळा माल वाकडा निघतो. धरणाच्या पायातल्या खडकाच्या भेगा असोत की पुलाच्या गर्डरमधल्या ताणलेल्या तारांच्या नळ्या, सगळीकडे ग्राउटच दाबाने भरतात आणि तिथे कोणी अंदाज सांगत नाही. मग आठ बाय पाचच्या न्हाणीघरानेच काय पाप केले आहे?

एव्हाना माझी कीर्ती नातेवाइकांत पसरली आहे. पाथर्डी फाट्याजवळ भाच्याच्या वास्तुशांतीला गेले, तर पूजा सुरू असताना मी न्हाणीघरात वाकून सांध्यांवरून नख फिरवत होते, आणि भाचेसुनेने बाहेरून काळजीने विचारले, "मामी, बरं वाटत नाहीये का?" हॉटेलात गेले की मी जेवणाआधी वॉशबेसिनमागची फरशी पाहते. परवा पाहुण्यांना पांडवलेणी दाखवायला नेले, तर शिलालेख सोडून मी त्यांना तिथल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दाखवत बसले, कारण दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या टाक्यांना एकही सांधा नाही. "म्हणजे तुला अखंड डोंगरात राहायला हवे," साहेब म्हणाले. मला त्यांचे म्हणणे पटले. फक्त तिथेही कोणी मिस्त्री पाठवू नये.

ठेकेदाराला मी आता लेखी कळवले आहे. सगळे रेझिन पात्याने खरवडून काढायचे, तेही हातमोजे घालून, कारण न मुरलेले रेझिन कातडीला लागून ॲलर्जी होते आणि त्याच्या बिगाऱ्याचा यात काही अपराध नाही. उरलेला चिकटपणा थिनरने पुसायचा, खिडकी उघडी ठेवून. नवा डबा माझ्यासमोर फोडायचा, दोन्ही बाटल्या माझ्यासमोर रिकाम्या करायच्या, आणि डब्यावर दिलेल्या मुदतीत मावेल एवढाच माल एका वेळी कालवायचा. साधारण पाऊण तासानंतर तो घमेल्यातच दगड होतो. फरशीवरचा पातळ थर ओल्या स्पंजने तेव्हाच्या तेव्हा पुसायचा, नंतर चहा पिऊन आल्यावर नव्हे. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट न भरता सिलिकॉन भरायचे. आयएसओ १३००७ या मानकात सिमेंटच्या ग्राउटला सीजी आणि रेझिनच्या ग्राउटला आरजी म्हणतात. बिलावर आरजीचा दर लावला आहे, तेव्हा सांध्यांतही आरजीच दिसले पाहिजे.

त्याचे उत्तर आले आहे. त्याने दोन हात जोडल्याचे चित्र पाठवून खाली लिहिले आहे, "मॅडम, साहेबांशी बोलून घेतो." उरलेल्या रकमेच्या धनादेशावर सही माझी लागते, हे साहेबांनी त्याला अजून सांगितलेले नाही.